परीक्षा खाटेपाशी घ्या

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक.



रुग्णाशी कसं बोलावं, हा विषय बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आहे. पायाभूत परिचर्येत तो सुरुवातीलाच येतो आणि मनोरुग्ण परिचर्येत पुन्हा येतो. त्यावर प्रश्न निघतात, मुली उत्तरं लिहितात, पास होतात. माझं गाऱ्हाणं त्या पास होण्याबद्दल आहे. 'थेराप्युटिक कम्युनिकेशनची तंत्रं लिहा' म्हटलं, की आमची कुठलीही विद्यार्थिनी झोपेतून उठवली तरी घडाघडा सांगेल: लक्ष देऊन ऐकणं, मोकळा प्रश्न विचारणं, गप्प राहून समोरच्याला बोलू देणं, त्याचंच वाक्य त्याच्यापुढे ठेवणं, खोटा धीर न देणं. सगळं इंग्रजीत आणि पुस्तकातल्या क्रमाने. तीच मुलगी पेपर देऊन दुसऱ्या दिवशी वॉर्डात येते आणि बारा नंबरच्या खाटेवरच्या बाईंना म्हणते, "ए आजी, हात सरळ ठेव ना! सलाईन बाहेर जाईल. किती वेळा सांगायचं?"

मुलगी वाईट नसते. आजीला 'तू' म्हणणं आपल्याकडे मायेचंही असतं. पण माया कुठे संपते आणि दटावणी कुठे सुरू होते, हे तिच्या कानाला कुणी लावूनच दिलेलं नाही, कारण आजी ज्या भाषेत कधीच बोलणार नाही त्या भाषेत ती हा विषय शिकलीय. मी आधी वॉर्डात स्टाफ नर्स होते, नंतर निवृत्त होईपर्यंत नर्सिंग शिकवलं. या खुल्या पत्रात मागणी एकच आहे. या कौशल्याची परीक्षा कागदावर आणि इंग्रजीत घेऊ नका. रुग्णाच्या भाषेत, तोंडी, खाटेपाशी घ्या.

नर्सिंगबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. मनोरुग्ण विभागात पोस्टिंग असताना विद्यार्थिनीला 'प्रोसेस रेकॉर्डिंग' लिहावं लागतं. रुग्णाशी झालेलं बोलणं वहीत उतरवायचं. रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणाले, त्या वेळी त्याचा चेहरा कसा होता, माझ्या मनात काय आलं, मी कोणतं तंत्र वापरलं, असे रकाने आखलेले असतात. नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, हे ज्यांनी मांडलं त्या हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेचा भर शब्दशः नोंदीवर होता. त्यांचं पुस्तक 1952 साली आलं. डॉक्टरला सहलेखक न घेता एका नर्सने असा ग्रंथ लिहावा, हे त्या काळी पचण्यासारखं नव्हतं, म्हणून हस्तलिखित तयार असूनही काही वर्षं पडून राहिलं होतं. असो. मुद्दा शब्दशः या अटीचा आहे. रुग्ण जे म्हणाला तेच लिहायचं, आपल्याला जे समजलं ते वेगळ्या रकान्यात.

आमच्या वह्यांत मात्र जत तालुक्यातला मेंढपाळ 'आय ॲम फीलिंग लोनली' असं म्हणतो. अशी वही समोर आली, की मी मुलीला शेजारी बसवून विचारायची, तो खरंच काय म्हणाला गं? मग ती आठवून सांगायची, "मॅडम, तो म्हणाला, बाजाराला येत्यात, पर हिकडं कुणी फिरकत न्हाई." आता या वाक्यात एकटेपणा आहे का? थोडा असेल. पण त्याहून जास्त राग आहे, आणि त्याच्या घरचे दर आठवड्याला दवाखान्याच्या दारावरून जातात ही पक्की माहिती आहे. घरच्यांना एकदा बोलावून घ्यावं, हे त्या मूळ वाक्यावरून कुणालाही सुचलं असतं. वहीतल्या वाक्यावरून कसं सुचणार?

दुसरा प्रसंग सर्जिकल वॉर्डातला. संध्याकाळची, ओव्हर द्यायची, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवायची वेळ. मधुमेहाने पाऊल काळं पडलेले साठीतले एक शेतकरी, दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढायचा होता. तयारी झालेली, संमतीपत्रावर अंगठा उठलेला. रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही, हे सांगायला विद्यार्थिनी गेली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरी, बैलं ठिवावी का इकून टाकावी?" मुलगी गडबडली. म्हणाली, "काका, आत्ता बैलांचा विचार कशाला करताय? काळजी करू नका, सगळं ठीक होईल." काका "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. वहीत नोंद झाली: 'पेशंट ॲन्क्शस. रिअ‍ॅश्युरन्स गिव्हन.'

ही नोंद परीक्षकाला चालते, कारण चिंता ओळखली आणि धीर दिला, दोन्ही त्यात आलं. प्रत्यक्षात त्या मुलीने एक दार लावून घेतलं होतं. बैलांच्या त्या प्रश्नात सगळं होतं. मला पुन्हा औतामागे चालता येईल का, घरात दुसरं कोण आहे, पाय गेल्यावर मी कोण उरतो. तिने नुसतं एवढं म्हणायचं होतं, "औत धरता येईल का नाही, याचा घोर लागलाय का काका?" आणि मग गप्प बसायचं होतं. जरा वेळ, अवघड वाटेपर्यंत. ते बोलले असते. गुडघा वाचणार असेल तर जयपूर फूट लावून माणूस शेतात उभा राहू शकतो, अनवाणी चालू शकतो, हे सांगायला फिजिओथेरपिस्टला बोलावता आलं असतं. बैल विकायचे की नाहीत हा निर्णय नर्सचा नाही, पण तो निर्णय भिंतीकडे तोंड करून, अंधारात, एकट्याने घ्यावा लागू नये, एवढं तिच्या हातात नक्की होतं.

तंत्रं इंग्रजीतून उचलून मराठीत ठेवली की ती कशी हास्यास्पद होतात, हेही मी पाहिलंय. भावना ओळखून ती बोलून दाखवावी, असं पुस्तक सांगतं. म्हणून एका हुशार मुलीने चिडलेल्या आजोबांना म्हटलं, "तुम्हाला राग आल्यासारखं वाटतंय." आजोबा आणखी भडकले. "मी कशाला रागावू? कुणावर रागावू?" आपल्याकडे परक्या माणसाने तुमच्या भावनेचं नाव तुमच्या तोंडावर घेणं उद्धटपणाचं ठरू शकतं. 'तुम्हाला कसं वाटतंय?' हा प्रश्न तर टीव्हीवाल्यांनी पार नासवून टाकलाय. वॉर्डात मुरलेली सिस्टर असले प्रश्न विचारत नाही. ती चादर सारखी करता करता विचारते, "रात्री डोळा लागला का?" "डबा कोण आणतं?" "घरी कोण कोण असतं?" या तिसऱ्या प्रश्नावर जेवढी माणसं रडताना मी पाहिली, तेवढी दुसऱ्या कुठल्याच प्रश्नावर नाही. हे सगळे मोकळे प्रश्नच आहेत, फक्त पुस्तकाला ते दिसत नाहीत.

मनोरुग्णालयात तर हे फारच जपावं लागतं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आपल्या विद्यापीठाच्या मुली शिकायला जातात. तिथे एखादी बाई सांगते, "जावेनं करणी केली माझ्यावर." हा आजाराने झालेला भ्रम आहे, की तिच्या गावात दहापैकी आठ जण मानतात ती समजूत, हे ओळखल्याशिवाय पुढे काय बोलणार? 'असं काही नसतं हो' म्हटलं की ती बोलणं थांबवते, आणि 'हो का?' म्हणून मान डोलावली तर करणीवर शिक्कामोर्तब होतं. कानात आवाज येणाऱ्या माणसाशी तर आणखी जपून. चांगली नर्स म्हणते, "मला काही ऐकू येत नाहीये, पण तुम्हाला येतंय आणि त्यानं तुम्ही घाबरलाय, हे दिसतंय मला. मी इथंच बसते थोडा वेळ." खोटं बोलायचं नाही आणि वादही घालायचा नाही. हे वाक्य तोंडात बसायला सराव लागतो, आणि तो सराव ती ज्या भाषेत बोलणार त्याच भाषेत व्हायला हवा.

शरीराच्या दुखण्याचंही तेच. आमच्या चार्टवर वेदनेला शून्य ते दहा आकडा द्यायचा असतो. उपयोगी आहे, नाही असं नाही. औषधाने उतार पडला का हे त्यावरून कळतं. पण रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली वेदनेची जी प्रसिद्ध प्रश्नावली केली, ती आकड्यांवर उभी नाही, शब्दांवर उभी आहे. दुखणं कसं आहे हे माणूस ज्या शब्दात सांगतो त्यावरून त्याचं मूळ शोधायला मदत होते. आपल्याकडे तर खाण आहे. गळू ठसठसतं, दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, लघवीला जळजळ होते, मधुमेह्याच्या तळपायाची आग होते आणि बोटांना मुंग्या येतात. 'ठणकतंय'चं 'आग होतेय' झालं, हे सकाळच्या राउंडला नर्सने सांगितलं, तर सर्जनला ते आकड्यापेक्षा जास्त उपयोगाचं. पण केस पेपरवर लिहिलं जातं 'पेन प्रेझेंट'. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांतले शब्द तर मुलीने ऐकूनही सोडून दिलेले असतात. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या बाईने काय सांगितलं, ते बऱ्याचदा सोबतच्या नवऱ्याच्या तोंडूनच आपल्यापर्यंत येतं, आणि नवऱ्याला जे सांगावंसं वाटलं तेवढंच येतं.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? त्यांना मिळालेल्या उत्तरांपैकी एक आपल्या विद्यार्थिनींना जरूर सांगावं असं आहे. तुमचे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही मढ्याला पांढरं गुंडाळतो. म्हणजे नर्स तोंड उघडायच्या आधीच तिच्या गणवेशाने काहीतरी सांगून टाकलेलं असतं. बंग दांपत्याच्या शोधग्राममधलं रुग्णालय मग झोपड्यांसारखं बांधलं गेलं, नातेवाइकांना सोबत राहता येईल असं, आणि त्याला नाव दिलं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. विचारलं म्हणून कळलं.

आता एक विसंगती आपल्या नजरेस आणते, जिच्यामुळे खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. आपल्या कितीतरी मुली ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियाला जातात. जाव्यात. त्यासाठी त्या 'ओईटी' ही आरोग्यसेवकांसाठीची इंग्रजीची परीक्षा देतात. तिच्या तोंडी भागात दोन प्रसंग असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो, घाबरतो, हट्ट करतो, औषध नको म्हणतो, आणि मुलीने नर्स म्हणून त्याच्याशी बोलायचं. 2018 पासून तिथे नुसत्या इंग्रजीला गुण नाहीत. नातं कसं जुळवलं, रुग्णाची बाजू समजून घेतली का, माहिती टप्प्याटप्प्याने दिली का, यालाही गुण आहेत. मुली त्यासाठी क्लास लावतात, आरशासमोर बोलून बघतात. म्हणजे कोल्हापूरच्या मुलीला डब्लिनच्या आजोबांशी बोलण्याआधी परीक्षा द्यावी लागते. गडहिंग्लजच्या आजोबांशी ती थेट बोलायला लागते. मराठी घरचीच आहे, येतंच तिला, असं आपण धरून चालतो. घरची भाषा येणं आणि त्या भाषेत घाबरलेल्या माणसाला सांभाळता येणं, यांत फार अंतर आहे.

आणि सगळ्याच मुली मराठी घरच्या नसतात. केरळातून आलेल्या मुलींनी महाराष्ट्रातली रुग्णालयं किती वर्षं पेललीत, हे वेगळं सांगायला नको. त्यांतल्या जुन्या सिस्टरांचं मराठी ऐकण्यासारखं असतं. लिंग चुकतं, पण सूर चुकत नाही. "बाबा, तुमची पाय दुखते काय?" एवढ्यावर माणूस विरघळतो. त्या शिकल्या त्या वॉर्डातल्या मावशींकडून, स्वतःच्या हिमतीवर. नव्या मुलींना खाटेपाशीच्या मराठीचे तास पहिल्या सत्रातच मिळाले, तर तो शहाणपणाचा खर्च ठरेल.

वॉर्डातून हे वाचणाऱ्या माझ्या मैत्रिणी आत्तापर्यंत वैतागल्या असतील. मॅडम, बोलायला वेळ कुठाय? बरोबर आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं जुनं मानक शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर रुग्णालयात पाचांमागे एक, असं सांगतं. कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्री अकराला जाऊन खाटा मोजाव्यात, खाटांमधल्या गाद्याही मोजाव्यात, आणि मग नर्सा मोजाव्यात. भरतीचा हा हिशेब तुमच्याकडे मागण्यात अर्थ नाही, तो मंत्रालयाचा आहे. पण बोलण्यासाठी वेगळा वेळ लागतो, हाही पुस्तकाने करून दिलेला समज आहे. नर्सचं बोलणं हात चालू असतानाच होतं. शीर शोधताना, ड्रेसिंग सोडताना, कूस बदलताना. "आता टोचेल, मुंगीएवढंच," हे सुई टोचायच्या आधी म्हणायचं की नंतर, याला जादा वेळ लागत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, की रुग्णाला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसून बोला, दाराशी कुजबुजू नका. उगाच आशा दाखवून बडबडणाऱ्यांवर तर त्यांनी अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. यातल्या एकाही गोष्टीला जादा माणूस लागत नाही.

प्रसूतिकक्षाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथली एकेक वाक्यं छापता येणार नाहीत. कळा देणाऱ्या बाईला काय काय ऐकवलं जातं, हे महाराष्ट्रातल्या बहुतेक बायकांना ठाऊक आहे आणि बहुतेक पुरुषांना नाही. केंद्र सरकारने 2017 साली 'लक्ष्य' कार्यक्रम आणला, त्यात सन्मानाने बाळंतपण होण्याचा मुद्दा आहे, भिंतीवर तक्ते लागले. तक्ता वाचून जिभेला लागलेली सवय जात नाही. ज्या मुलीने पहिल्याच पोस्टिंगला सीनियरला ओरडताना पाहिलं, ती ओरडणं हेही तंत्र म्हणूनच शिकते.

आपण म्हणाल, अभ्यासक्रम दिल्लीहून येतो, माध्यम इंग्रजी ठरलेलं आहे, विद्यापीठ काय करणार? बरंच करू शकतं. प्रोसेस रेकॉर्डिंगमधला रुग्णाचा आणि विद्यार्थिनीचा रकाना बोलला गेला त्याच भाषेत, देवनागरीत लिहावा, विश्लेषण हवं तर इंग्रजीत ठेवावं, असं परिपत्रक काढायला कुणाची परवानगी लागेल असं मला वाटत नाही. शब्दशः नोंद ही मूळ अटच आहे. 2021 च्या सुधारित अभ्यासक्रमाने ऑस्कीला, म्हणजे एकेका स्टेशनवर एकेक कौशल्य तपासणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेला, जागा दिलेली आहे. त्यातल्या एका स्टेशनवर जिवंत माणूस बसवा. पुतळ्याच्या दंडात इंजेक्शन सगळ्याच देतात. खोटा रुग्ण बसवून परीक्षा घ्यायची ही पद्धत अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये सुरू केली, तेव्हा नवी म्हणता येणार नाही. आणि नटांची वाण आपल्याला कधीपासून पडली? तालुक्या-तालुक्यातून राज्य नाट्य स्पर्धेला संघ उतरतात. त्यातल्या कलाकारांना मधुमेहाचा हट्टी रुग्ण किंवा मृतदेह लवकर ताब्यात मागणारा मुलगा व्हायला सांगा, आनंदाने होतील.

प्रश्नही सुचवते. रात्रीचे दोन. मुलाने डॉक्टरांना बजावलंय, बाबांना कॅन्सरचं सांगू नका. बाबा जागे आहेत. नाइट ड्युटीच्या मुलीला ते विचारतात, "सिस्टर, तू तरी खरं सांग, मला झालंय काय?" आपल्याकडे हा प्रसंग रोजचा आहे. आजाराची बातमी पहिल्यांदा रुग्णाला सांगायची असं इंग्रजी पुस्तक गृहीत धरतं, इथे ती आधी मुलाकडे गेलेली असते. आपल्या मुलींकडे यावर दोनच उत्तरं असतात, "काही नाही हो, साधी गाठ आहे" किंवा "सकाळी डॉक्टरांना विचारा." पहिलं खोटं आहे, दुसरं पळवाट. मधली वाट आहे. स्टूल ओढून बसायचं. "तुमच्या मनात काय येतंय बाबा?" असं विचारायचं. ते सांगतील ते ऐकायचं, आणि बहुतेक वेळा त्यांना माहीतच असतं. निदान सांगणं तिचं काम नाही, पण "तुम्हाला खरं जाणून घ्यायचंय, हे मी सकाळी डॉक्टरांच्या आणि मुलाच्याही कानावर घालते" हे सांगणं आहे, आणि सकाळी घरी जायच्या आधी ते कानावर घालून जाणं तर आहेच. यावर मुलीला पाच मिनिटं बोलू द्या. तिची इंग्रजी किती चांगली हे त्यातून कळणार नाही, बाकी सगळं कळेल.

राहता राहिला परीक्षक. या स्टेशनवर आम्हा शिक्षिकांना एकटं बसवू नका, आम्ही तंत्रांची नावं शोधत बसू. शेजारी त्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर बसवा आणि निम्मे गुण तिच्या हातात द्या. तिच्याकडे कदाचित एमएस्सी नसेल, त्यामुळे नियम आडवे येतील, मानधनाचं लेखाशीर्षक कुठलं असा प्रश्न परीक्षा विभाग काढेल. काढू द्या. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी चहा-नाश्त्यापासून पुतळ्याच्या दुरुस्तीपर्यंत सगळ्याला शीर्षक सापडतं, याचंही सापडेल.

आपली,
एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका